चिपचं कार्ड असूनही एटीएममधून परस्पर पैसे जातात का? सासऱ्यांना काय सांगू?

सहकारनगर_सून

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहतात, एकटेच असतात, परवा त्यांच्या खात्यातून वीस वीस हजार असे दोनदा काढले गेले, तेही नगर रोडच्या कुठल्यातरी एटीएममधून जिथे काका आयुष्यात कधी गेलेले नाहीत. आणि काकांचं म्हणणं कार्ड माझ्या पाकिटातच आहे, पिन कुणाला सांगितला नाही, ओटीपी आला नाही, कुणाचा फोनबिन नाही. झालं, सोसायटीच्या ग्रुपवर लगेच 'कार्ड क्लोन झालं', 'स्किमर लावला होता' असं सुरू झालं, सोबत चार व्हिडिओ, आणि त्या दिवसापासून आमच्या सासऱ्यांनी एटीएमची पायरी चढणं सोडलंय. पेन्शन काढायला बँकेत जाऊन स्लिप भरून रांगेत उभे राहतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, आणि मी काही बोलले की म्हणतात तुला काय माहीत तिथे कुठे काय चिकटवलेलं असतं ते.

आता मला खरंच माहीत नाही, म्हणून इथे विचारतेय. त्यांचं कार्ड चिपचं आहे, तरी क्लोन होतं का? मशीनला काही लावलंय हे आपल्यासारख्यांना बघून कळतं का? ग्रुपवर आलंय की कार्ड घालायच्या आधी कॅन्सल दोनदा दाबायचं म्हणजे पिन चोरीला जात नाही, हे खरं का? आणि नवऱ्याने ते आरएफआयडीवालं पाकीट (टॅपच्या कार्डाचे सिग्नल अडवतं म्हणे) मागवायला काढलंय दोघांसाठी, त्याचा काही उपयोग आहे की पैसे पाण्यात? सासरे कार्ड वापरतात ते एटीएम, मेडिकल आणि कधीमधी पेट्रोल, बाकी काही नाही. २०१९ मध्ये नणंदेकडे दुबईला गेले होते तेव्हा तिथेही वापरलं होतं.

प्लीज 'कार्डच बंद करून टाका' असं सांगू नका, ते माझ्या हातात नाही :)

भिगवणचा_मासा

कॅन्सल दोनदा दाबल्याने एकच गोष्ट होते, मागे उभा असलेला माणूस वैतागतो. रिझर्व्ह बँकेच्या नावावर तो मेसेज फिरतो पण केंद्र सरकारच्या पीआयबीच्या फॅक्ट चेकवाल्यांनी तो खोटा असल्याचं कधीच जाहीर केलंय. कार्ड घालायच्या आधी तुम्ही काय दाबलंत याचा आणि नंतर पिन टाकताना तो कुणी बघितला याचा काय संबंध? याच मेसेजचा एक भाऊ आहे, चोराने धमकावलं तर पिन उलटा टाका, पैसे निघतात आणि पोलिसांना आपोआप कळतं. तेही थापच. आणि १२२१ असा पिन असणाऱ्याने काय करायचं म्हणे?

बाकी जाणकार येतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

मशीनवाला

मी काही वर्षं एटीएम मेंटेनन्सच्या कामात होतो, हडपसरपासून हिंजवडीपर्यंत, कॉल आला की बाइक काढायची, त्यामुळे मशीनच्या आत-बाहेर काय असतं ते बऱ्यापैकी बघितलंय. जरा लांब लिहितो.

चिप क्लोन होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. चिप दर व्यवहाराला नवा कोड बनवून देते, मधल्या मधे कुणी तो पकडला तरी पुढच्या वेळी तो शिळा, चालत नाही. पण ताई तेच कार्ड उलटं करून बघा, मागे काळी पट्टी आहे ना अजून? तिच्यात कार्ड नंबर, एक्स्पायरी, नाव आणि एक तपासणीचा कोड असं सगळं कायमचं लिहिलेलं असतं, ते कधी बदलत नाही, म्हणजे ती पट्टी हा सरळ झेरॉक्स निघणारा कागद आहे. (हा पट्टीतला कोड म्हणजे कार्डावर छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही नव्हे, तो वेगळा, त्यामुळे नुसती पट्टी वाचून आपल्याकडे ऑनलाइन खरेदी करता येत नाही.) स्किमर चिपच्या नादाला लागतच नाही, तो पट्टी वाचतो. कार्ड आत सरकवताना पट्टी त्याच्या वाचकावरून घासून जाते, वर कुठेतरी बारीक कॅमेरा लावलेला असतो त्यात पिन येतो, मग कोऱ्या कार्डाच्या पट्टीवर तुमचा डेटा उतरवायचा आणि चालला गडी पैसे काढायला.

आता हे आपल्याकडे का कमी झालं, तर रिझर्व्ह बँकेने २०१८ संपेपर्यंत नुसत्या पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यायला लावली, मशीनंही चिप वाचणारी झाली. पट्टीतच एक आकडा असतो तो मशीनला सांगतो की बाबा या कार्डाला चिप आहे, तू चिप वाच. डुप्लिकेट कार्डाला चालू चिप नसते, तिथे त्याची गोची होते. म्हणून असा डेटा बाहेरच्या देशात जाऊन वापरतात जिथे अजून पट्टीवर पैसे निघतात. आणि म्हणून माझ्या मते तुमच्या सासऱ्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट मशीनपाशी नाहीये, बँकेच्या ॲपमध्ये आहे, कार्ड सेटिंगमध्ये जाऊन इंटरनॅशनल बंद करा. १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड येतं तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनपुरतं चालू असतं, ऑनलाइन, टॅप, परदेश हे सगळं आपण चालू करायचं असतं. पण जुनी कार्डं आधी बाहेर वापरलेली असतील तर ती तशीच चालू राहिलेली असू शकतात, आणि तुम्हीच लिहिलंय दुबईला वापरलं म्हणून. तेवढं आजच बघा.

मशीन बघून कळतं का, तर कधी कळतं कधी नाही. जिथे कार्ड घालतो तो प्लास्टिकचा तुकडा धरून जरा हलवून बघायचा, ओरिजिनल हलत नाही, वरून चिकटवलेला असेल तर सुटतो, कडेला गमचा ओघळ दिसतो, रंग थोडा वेगळा दिसतो. बऱ्याच मशीनना तिथे हिरवट पारदर्शक, लाइट लागणारा भाग असतो, तो स्किमर बसू नये म्हणूनच तसला वाकडातिकडा बनवलेला असतो, लोक त्यालाच स्किमर समजून व्हिडिओ काढतात. कीपॅड वर उचलल्यासारखा किंवा दाबताना गुबगुबीत वाटला तर दुसरं मशीन गाठा. एकाच खोलीत दोन मशीन असतील तर दोन्ही शेजारी शेजारी ताडून बघा, यासारखा सोपा उपाय नाही.

पण पातळ पत्र्यासारखे स्किमर येतात ते पूर्ण आत स्लॉटमध्ये जाऊन बसतात, ते बाहेरून मलाही दिसणार नाहीत. म्हणून पिन टाकताना दुसरा हात वर आडवा धरणं, हे कंटाळवाणं आहे पण हेच उपयोगी पडतं. पट्टी वाचली तरी पिन नाही मिळाला तर एटीएममध्ये त्या कार्डाची किंमत शून्य. कॅमेरा कीपॅडच्या वर असतो, लाइटच्या पट्टीत, बाजूला माहितीपत्रकांचा डबा असतो त्याच्यात. हात, पाकीट, सकाळचा पेपर, काहीही चालेल.

एक मात्र, तुमच्या त्या तळमजल्यावरच्या काकांचं मला क्लोनिंग वाटत नाही. चिपचं कार्ड, पुण्यातलंच मशीन, वीस वीस हजार. काहीतरी वेगळंय.

निवृत्त_कॅशियर

मशीनवाल्यांशी सहमत. सहकारनगर_सून, एक काम करा. त्या गृहस्थांना पाकिटातलं कार्ड बाहेर काढून त्यावरचं नाव चष्मा लावून वाचायला सांगा. नाव छापलेलं नसेल (हल्ली खातं उघडताना हातोहात देतात त्या कार्डांवर नसतं) तर शेवटचे चार आकडे वाचा आणि बँकेच्या जुन्या मेसेजमध्ये कार्डाचे शेवटचे चार आकडे येतात त्यांच्याशी जुळवा. बाकीचं नंतर बोलू. हे आत्ता करा, उद्या नको.

सहकारनगर_सून

अहो काका!! नाव कुणा बाईचं आहे. तीच बँक, तसंच निळं कार्ड, पण नाव भलतंच. काका तर खुर्चीत बसलेच एकदम, मीच पाणी दिलं. मग हळूहळू आठवायला लागलं त्यांना, मागच्या आठवड्यात स्वारगेटच्या बाजूला एटीएममध्ये गेले होते, मशीन कार्ड घेत नव्हतं, मागे दोन पोरं उभी होती, त्यातला एक म्हणाला आजोबा चिप खराब झालीय द्या पुसून देतो, त्याने शर्टाला घासलं, परत दिलं, पिन टाका म्हणाला, तरी पैसे आले नाहीत, मग म्हणाला मशीनच बंद दिसतंय दुसरीकडे जा. काका थँक्यू म्हणून घरी आले. पिन टाकताना तो शेजारीच उभा होता.

म्हणजे क्लोनबिन काही नाहीच, कार्डच बदललं!

आता काय करू? कार्ड ब्लॉक केलंय मी आत्ता, कस्टमर केअरला लावून. आज तिसरा दिवस आहे पैसे गेल्याचा, मध्ये रविवार होता.

मशीनवाला

वाटलंच होतं. पेपरला बातमी येते ना 'हातचलाखीने एटीएम कार्डची अदलाबदल' ती हीच. यांच्याकडे वेगवेगळ्या बँकांची कार्डं खिशात तयारच असतात, कुणाकुणाची अशीच उचललेली, समोरच्याचं कार्ड कुठल्या बँकेचं ते बघून तसंच दिसणारं हातात ठेवतात. काही ठिकाणी तर आधीच एखादं बटण गमने चिकटवून ठेवतात किंवा स्लॉटमध्ये काडी घालून ठेवतात म्हणजे माणूस अडकणारच आणि मदत लागणारच. याला ना स्किमर लागतो ना कॅमेरा, ना पाच पैशाचं टेक्निकल ज्ञान. खरं सांगायचं तर मला म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत स्किमरपेक्षा हीच भीती जास्त वाटते, पण ग्रुपवर व्हिडिओ फिरतात ते सगळे स्किमरचे.

सासऱ्यांना एवढंच सांगा, मशीन अडलं तर कॅन्सल दाबून बाहेर, कार्ड कुणाच्या हातात द्यायचं नाही, गार्डच्याही नाही. आणि आत कुणी असेल तर 'जरा बाहेर थांबता का' असं बिनधास्त म्हणायचं, पुण्यात राहून एवढंही जमणार नसेल तर काय.

निवृत्त_कॅशियर

ब्लॉक केलंत ते उत्तम. तक्रार क्रमांक घेतला असेलच, नसेल तर परत फोन लावून घ्या, तारीख-वेळेसकट. आता नियम सांगतो, कारण उद्या शाखेत गेलात की टेबलापलीकडचा माणूस तुम्हाला फक्त 'पिन बरोबर पडलाय म्हणजे जबाबदारी तुमची' एवढंच ऐकवणार.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती यावर. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने कळवलं, नाही कळवलं, त्याची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी कुठेतरी गडबड केली (क्लोनिंग यात येतं), तर बँकेकडून मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की जबाबदारी शून्य. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत आणि रविवारही नाही, तेव्हा तुम्ही मुदतीत आहात. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत फटका बसतो, सातच्या पुढे गेलं की बँकेचं स्वतःचं धोरण असेल त्याप्रमाणे. आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

तुमच्या काकांचं प्रकरण बँक या शेवटच्या खान्यात ढकलायला बघणार, कार्ड स्वतःच्या हाताने दुसऱ्याला दिलं म्हणून. खोटी आशा दाखवत नाही, अदलाबदलीत पूर्ण पैसे मिळवणं क्लोनिंगपेक्षा जड जातं. पण ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलेली आहे, तेव्हा तोंडी 'नाही' ऐकून परत यायचं नाही. लेखी अर्ज, घडलं ते जसंच्या तसं लिहायचं (काहीही लपवू नका, फुटेजमध्ये दिसतंच), सोबत ते परकं कार्ड, पासबुकाची प्रत, आणि दोन्ही एटीएमचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याची विनंती अर्जातच घालायची. हे फुटेजचं लवकर करा, जुनं पुसलं जातं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि सही. परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा असतो, हेही अर्जात लिहा, वाचणाऱ्याला समजतं की समोरच्याला माहिती आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार आजच. रोख काढली गेली असल्याने पैसे वाटेत गोठवता येणार नाहीत, पण नोंद लागते. ज्याच्या हद्दीत अदलाबदल झाली ते पोलिस स्टेशन गाठा, 'आमची हद्द नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवायची तक्रार) घ्या म्हणायचं. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन होतं, फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर फोन करून विचारताही येतं.

कर्वेरोड_कट्टा

मला कळत नाही लोक अजून कार्ड घेऊन फिरतातच कशाला, यूपीआय वापरा ना, भाजीवाल्यापासून सगळीकडे चालतं. पुण्यात राहून कॉसमॉस बँकेचं विसरलात का, २०१८ मध्ये क्लोन कार्डं वापरून ९४ कोटी उडवले होते. कार्ड म्हटलं की हे आलंच.

निवृत्त_कॅशियर

कट्टेकरी, ते प्रकरण वेगळं होतं हो. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला जे झालं त्यात एटीएमच्या मशीनला कुणी काही चिकटवलं नव्हतं, बँकेच्या सर्व्हरमध्ये मालवेअर घालून, पैसे काढायला परवानगी देणारी यंत्रणाच बाजूला सारून खोटी परवानगी दिली गेली, आणि क्लोन कार्डं घेतलेली माणसं २८ देशांत मशीनपाशी उभी होती. काही रक्कम स्विफ्टने (बँका परदेशी पैसे पाठवायला वापरतात ती यंत्रणा) हाँगकाँगला गेली. खातेदारांच्या ठेवींना हात लागला नाही असं बँकेने तेव्हाच सांगितलं होतं. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षाही दिली. ते तुम्ही-आम्ही हात आडवा धरून थांबलं नसतं, तो बँकेने राखायचा किल्ला. इथे प्रश्न घरातल्या एका कार्डाचा आहे.

आणि यूपीआयचा सल्ला सत्तरीच्या माणसाला सरसकट देऊ नका. तिथे 'पैसे येणार आहेत, पिन टाका' म्हणून फसवलेले लोक मी कमी पाहिले नाहीत.

कर्वेरोड_कट्टा

ओके काका, मान्य, पण एक फायदा तरी सांगू द्या. हल्ली बऱ्याच एटीएमवर यूपीआयने कॅश निघते, स्क्रीनवर क्यूआर येतो तो स्कॅन करायचा, एका वेळी १०,००० पर्यंत. कार्ड मशीनमध्ये जातच नाही, मग स्किमर काय वाचणार आणि अदलाबदल कशाची करणार? सासऱ्यांकडे स्मार्टफोन असेल तर सूनबाईंनी दोनदा सोबत जाऊन शिकवावं. बास, माझं संपलं.

मशीनवाला

+१, हे बरोबर बोलला. फक्त फोनचं स्क्रीन लॉक आणि यूपीआय पिन एकच ठेवू नका, लोक ठेवतात.

टिळकरोडवाली

आरएफआयडी पाकिटाबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्याकडे आहे, भेट मिळालेलं, दिसायला छान आहे, तेवढाच उपयोग. टॅपला कार्ड मशीनच्या दोन-चार सेंटिमीटरपर्यंत न्यावं लागतं, गर्दीत खिशाला मशीन लावून पैसे काढतात असा व्हिडिओ येतो खरा पण ते मशीन घ्यायलाच केवायसी करून खातं लागतं, पैसे गेले तर कुणाकडे गेले ते दिसतं. बिनापिन टॅप ५,००० पर्यंतच होतं, २०२१ च्या आधी २,००० होतं. एवढी भीती वाटत असेल तर ॲपमध्ये टॅप बंद करा, फुकट होतं.

मला स्वतःला जास्त खटकतं ते पेट्रोल पंप आणि हॉटेल. पंपावर गाडीच्या खिडकीतून कार्ड देतात लोक, तो मुलगा केबिनकडे जातो, आपण मोबाइलमध्ये. हातात मावणारे स्किमर असतात, कार्ड एकदा त्यावरून ओढलं की काम झालं, शिवाय कार्डावरचा नंबर आणि सीव्हीव्ही डोळ्यांनी वाचायला तर काहीच लागत नाही. आपल्या इथल्या साइटला ओटीपी लागतो पण बाहेरच्या कित्येक साइटना लागत नाही, परत तेच, इंटरनॅशनल बंद. मी मशीन टेबलाशी मागवते, 'रेंज येत नाही मॅडम' म्हणाले तर उठून काउंटरला जाते, जेवण झाल्यावर चार पावलं चाललेलं चांगलंच. माझ्या आईने सीव्हीव्ही पाठ करून कार्डावरून खरवडून टाकलाय, तिचं बघून मीही केलं.

अजून एक, एसएमएस अलर्ट. आमच्या बिल्डिंगमधल्या दोघातिघांनी तिमाहीचे चार पैसे वाचवायला मेसेज बंद केले होते!! कोथरूडमध्ये दीड कोटीचा फ्लॅट आणि मेसेजचे पैसे जड होतात. मेसेजच आला नाही तर कळणार कधी, पासबुक भरायला जाल तेव्हा?

भिगवणचा_मासा

पासबुक भरायच्या मशीनलाही रांग असते.

सहकारनगर_सून

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः काकांचे. काकांबरोबर (तळमजल्यावरच्या) बँकेत जाऊन अर्ज दिला, शिक्का घेतला. काउंटरवरच्या मुलीने आधी तेच सांगितलं, पिन तुमचाच पडलाय, मग परिपत्रकाची तारीख सांगितल्यावर मॅनेजरकडे नेलं. त्यांनी फुटेजसाठी मेल टाकते म्हणून सांगितलं, आमच्यासमोर टाकला. १९३० चं झालंय. बघू.

सासऱ्यांच्या ॲपमध्ये खरंच इंटरनॅशनल चालूच होतं, तेही एटीएम, स्वाइप, ऑनलाइन तिन्ही! बंद केलं. एटीएमचं रोजचं लिमिट चाळीस हजार होतं, त्यांना महिन्याला एवढे लागत नाहीत, ते दहावर आणलं. एक विचारायचं होतं, पेन्शनचं खातं आणि कार्डाचं खातं वेगळं ठेवावं असं माझा भाऊ म्हणतोय, त्यात अर्थ आहे का?

निवृत्त_कॅशियर

भाऊ शहाणा आहे. मी तेच करतो. पेन्शन आणि एफडी ज्या खात्याला जोडलेली त्याचं कार्ड घेतलेलंच नाही, दुसऱ्या एका खात्यात महिन्याच्या खर्चापुरते टाकायचे आणि कार्ड फक्त त्याचं. गेले तर तेवढेच जातील. मात्र दुसऱ्या खात्याला किमान शिल्लक किती लागते ते आधी विचारा, नाहीतर चोराऐवजी बँकच दंड कापत बसेल. आणि खातं स्टेट बँकेचं असेल तर त्यांच्याच एटीएममधून १०,००० किंवा जास्त काढताना मोबाइलवर ओटीपी येतो, २०२० पासून, तेव्हा नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आणि स्वतःजवळचा हवा. मुलाचा नंबर दिलेला असतो आणि मुलगा ऑस्ट्रेलियात, मग लोक मशीनसमोर उभे राहून फोन लावतात.

चिंचवडकर

धागा वाचून लगेच माझं कार्ड बघायला गेलो तर आमची सहकारी बँक, ॲप आहे पण त्यात फक्त बॅलन्स आणि स्टेटमेंट दिसतं, चालू-बंदचा पर्यायच नाही. शाखेत विचारलं तर म्हणे अशी सोय फक्त मोठ्या बँकांना असते. आणि ते २०१७ चं परिपत्रक सहकारी बँकांना लागू नाही असंही ऐकलं. मग आम्ही काय करायचं?

निवृत्त_कॅशियर

दोन्ही चुकीचं सांगितलंय. सहकारी बँकांसाठी त्याच विषयावर वेगळं परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला निघालेलं आहे. आणि कार्ड चालू-बंद करणं, लिमिट ठरवणं याचं परिपत्रक १५ जानेवारी २०२० चं, ते सहकारी बँकांनाही आहे. ॲपमध्ये नसेल तर नेटबँकिंग, एटीएमचा मेनू किंवा फोनवरचं आयव्हीआर (अमुक बटण दाबा सांगणारी सेवा) यातून मिळायला हवं. आधी तुमच्याच बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घालून 'इतर सेवा' किंवा 'कार्ड सेवा' असं काही दिसतंय का बघा, बऱ्याच ठिकाणी तिथे लपलेलं असतं आणि शाखेतल्या लोकांनाच माहीत नसतं. नाहीच सापडलं तर शाखेत एका ओळीचा अर्ज द्या, 'माझ्या कार्डावरील आंतरराष्ट्रीय व ऑनलाइन व्यवहार बंद करावेत', कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि खाली परिपत्रकाची तारीख. पोच घ्या. नंतर काही घडलंच तर तो कागद तुमच्या बाजूने बोलेल.

चिंचवडकर

एटीएममध्येच सापडलं काका, 'इतर सेवा'च्या तिसऱ्या पानावर. शाखेत जाऊन त्यांना पण दाखवून येतो आता.